बाबांचा ईईजी

परवा १३ मेला बाबांचा दुसरा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद घेणारी तपासणी, झाला. जानेवारीपासूनच्या पावत्या आणि चिठ्ठ्या फायलीत लावताना वाटलं, हे लिहून ठेवावं. फेब्रुवारीत ‘ईईजी करून घ्या’ असं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा घरच्याच कुणी मराठीत लिहिलेलं काही सापडलं असतं तर रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल चाळत बसले नसते. मी बँकेत काम करते, डॉक्टर नाही. गोळ्या-औषधांचं जे लिहिलंय ते फक्त बाबांचं आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. बाबा ७१ वर्षांचे, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती आणि चिडले की हिंदी. हे मुद्दाम सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

१५ जानेवारी, वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. गच्चीवर भाचा पतंग उडवत होता आणि बाबा फिरकी धरून उभे होते. १० वाजून २० मिनिटांनी फिरकी त्यांच्या उजव्या हातातून पडली. वाकून उचलायला गेले तर हात तिच्या शेजारी जमिनीवर नुसताच टेकला. तोंड एका बाजूला ओघळलेलं. भाचा ओरडला, “आजोबा, ढील द्या ना!” वेळ मला अचूक माहीत आहे ती त्याच्या मोबाईलमुळे, तो व्हिडिओ काढत होता.

१०८ला फोन केला आणि ११ वाजून ५ मिनिटांनी दवाखान्यात पोचलो. तिथला पहिला प्रश्न ‘काय झालं’ हा नव्हता. ‘शेवटचे ठीक कधी होते?’ असं विचारलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि घड्याळ तिथून चालू होतं. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. मग वजन विचारलं, कारण डोस किलोवर ठरतो. आई म्हणाली ६२, मी म्हटलं ६८, आणि तशा अवस्थेतही आम्ही दोघी त्यावर वाद घालत होतो. (६६ निघालं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं वजन कुठेतरी लिहून ठेवा.) ब्लडप्रेशर खाली आणून ११ वाजून ५० मिनिटांनी इंजेक्शन दिलं. हा स्ट्रोक होता, पक्षाघाताचा झटका. गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला होती, त्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं.

७० किंवा त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, सरकारी योजनेतून दवाखान्यात मोफत उपचारासाठीचं. ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ला सुरू झाली. मी बाबांना तीनदा सांगितलं होतं. ‘उत्तरायण होऊ दे, मग बघू.’ शेवटी १६ तारखेला आयसीयूच्या खाटेवर कार्ड काढलं. ओटीपी गेला आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि ते सिमकार्ड चार वर्षांपूर्वीच बंद झालेलं. दवाखान्यातला आरोग्यमित्र, म्हणजे या योजनेचं काम बघणारा माणूस, बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र घेऊन आला. आठ बोटं नाकारली, डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. तुमच्या घरी कुणी सत्तरीचं असेल तर या आठवड्यात कार्ड काढा आणि आधारला कुठला नंबर जोडलाय ते आधी पाहा.

२४ जानेवारीला घरी आलो. बाबा आधाराने चालत होते. हात जेमतेम वर व्हायचा. शब्द दहा-बारा, तेही त्यांच्या मर्जीने यायचे.

३ फेब्रुवारीला वाचेची चाचणी होती. कुठे ते लिहीत नाही. चाचणी घेणारी मुलगी मनापासून काम करत होती, फक्त तिला मराठी येत नव्हतं. दहा चित्रं, प्रत्येकाचं नाव सांगायचं. पहिलंच चित्र किल्लीचं. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, ओठ दोनदा जुळवले आणि अगदी स्पष्ट म्हणाले, “किल्ली.” मी खुर्चीतून उठलेच. तिने कागदावर फुली मारली. तिला ‘चावी’ हवं होतं. कुलपाच्या चित्राला ‘कुलूप’, फुली, कारण गुजरातीत ते ताळुं. ‘फणी’ला फुली, कारण कांसको. घड्याळाला मात्र ते ‘चाळीस’ म्हणाले, ती फुली रास्त होती. दहापैकी तीन गुण, आणि शेरा: ‘असंबद्ध शब्द वापरतात.’ मी बोलले, तेव्हा तिने फॉर्म गुजराती आहे, असं सांगितलं. तो शेरा अजून फायलीत आहे. मी त्याच्याखाली पेन्सिलीने सहा लिहून ठेवलेत.

तीस वर्षं दुसऱ्यांचे गुण तपासण्यात काढलेल्या माणसाचा पेपर असा तपासला गेला, याचा मला आठवडाभर राग होता.

६ फेब्रुवारी, गुरुवार, रात्रीचे पावणेबारा. आईने हाक मारली. बाबांच्या उजव्या हाताची बोटं थरथरत होती, एका तालात, टेबलावर कुणी अधीरपणे टकटक करावी तशी. मग ओठाचा उजवा कोपरा ओढला जाऊ लागला. डोळे उघडे, नजर भिंतीवर. हाक ऐकू जात नव्हती. आत्या आमच्याकडेच होती. तिने किल्ल्यांचा जुडगा बाबांच्या मुठीत कोंबला आणि मला कांदा आणायला सांगितलं. मी कांदा आणला, खोटं कशाला बोलू. कापलाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलेलं इथे लिहिते: फीट आली की कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, तोंडात काहीही घालायचं नाही, हातात लोखंड द्यायचं नाही, नाकाला कांदा-चप्पल लावायची नाही आणि घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

बाबांची दोन मिनिटांत थांबली. पण नंतर उजवा हात पुन्हा लुळा पडला आणि एक शब्दही फुटेना. आम्हाला वाटलं दुसरा झटका. तो समज ठेवूनच दवाखान्यात धावलो आणि तेच बरोबर होतं, घरी बसून यातला फरक ओळखता येत नाही. सीटीत नवीन काही नव्हतं. पहाटे चारला हात पुन्हा हलायला लागला. मी एकच शहाणपणाचं काम केलं होतं: कांदा ठेवून मोबाईल उचलला होता आणि चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. सकाळी न्यूरोच्या डॉक्टर मॅडमनी तो तीनदा पाहिला. “ही खेंच वाटते, आपण ईईजी करू.” खेंच म्हणजे आकडी. स्ट्रोकमध्ये मेंदूचा जो भाग जखमी होतो तिथे पुढे व्रण राहतो, आणि त्याच्या आजूबाजूच्या पेशी कधी कधी एकदम वीज सोडतात. पहिल्या सात दिवसांतली फीट वेगळी धरतात आणि नंतरची वेगळी. उशिरा आलेली पुन्हा येण्याची शक्यता बरीच जास्त.

ईईजीची तारीख मिळाली मंगळवार, ११ फेब्रुवारी. काउंटरवर म्हणाले, ‘कार्डमां नहीं बेसे’, म्हणजे कार्डात बसणार नाही. योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस तपासण्या-औषधं धरतात. आमचे १५ दिवस ८ तारखेला संपत होते. ७ला सकाळी तिथेच उभे होतो, पण यंत्राच्या पुढच्या तीन दिवसांच्या वेळा भरलेल्या. १८०० रुपये रोख दिले. रक्कम मोठी नाही, पण डिस्चार्जच्या कागदावरची तारीख आणि त्यापुढचे १५ दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवले असते तर बाकीच्या तपासण्या तरी आत बसवल्या असत्या.

तयारीची चिठ्ठी मिळाली: आदल्या रात्री शाम्पूने डोकं धुवा, तेल-कंडिशनर नको. जेवून या. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवा. रात्री बारानंतर झोपू द्या आणि पहाटे चारला उठवा, म्हणजे तपासणीत झोप लागेल. यातलं सगळ्यात अवघड काय असेल असं वाटतं? तेल. बाबांनी पन्नास वर्षं रोज डोक्याला तेल लावलंय आणि आत्या दोन आठवडे टाळूवर महानारायण तेल जिरवत होती. तीनदा शाम्पू केला तेव्हा कुठे केस सुटे झाले. बाबा पहाटे चारला आरशात स्वतःचे भुरभुरणारे पांढरे केस बघत होते. मीही त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पुढून बटणांचा सदरा घाला, परत येताना डोक्यावरून काही ओढून काढायला लागू नये. सोबत जुना टॉवेल असू द्या.

खोली लहान, एसी जोरात. टेक्निशियन बेननी (बेन म्हणजे ताई) आधी टेपने डोकं मोजलं: नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग या कानापासून त्या कानापर्यंत. त्या अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर लाल पेन्सिलीने खुणा. जगभर हीच पद्धत, म्हणजे बडोद्यातली खूण आणि बोस्टनमधली खूण एकाच जागी येते. प्रत्येक खुणेवर खरखरीत जेलने कातडी घासली, मग चिकट पेस्ट आणि त्यावर धातूची चिमुकली वाटी. अशा २१. डाव्या बाजूच्या वाट्यांना विषम आकडे, उजवीकडे सम. सुई नाही, करंट देत नाहीत. आत्याला वाटत होतं शॉक देणार, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. मेंदूची जी वीज कातडीपर्यंत पोचते ती एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. इतकी क्षीण, की माझा चार्जर खाटेजवळच्या सॉकेटमध्ये होता तो त्यांनी काढायला लावला.

मग पडद्यावर रेघा धावू लागल्या. बाबांनी पापणी मारली की वरच्या रेघा उसळायच्या, दात आवळले की सगळा पडदा काळा व्हायचा. बेन म्हणाल्या, “काका, आंख बंध करो.” बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. पुन्हा, जरा मोठ्याने, “आंख बंध करो.” बाबा छताकडे बघू लागले. हयातभर याच भाषेत भाजी घेतलेला माणूस. बेननी कीबोर्डवर काहीतरी टिपायला हात नेला, आणि मला त्या तीन फुल्या आठवल्या.

“मी सांगू का?” विचारलं. मग म्हटलं, “बाबा, डोळे मिटा.”

मिटले. लगेच. आणि पडद्याच्या खालच्या भागात, उजव्या बाजूच्या रेघांत, बारीक नीटस लाटा उमटल्या, कंगव्याच्या दातांसारख्या एकसारख्या. बेननी बोट ठेवून मोजून दाखवलं, सेकंदाला नऊ. “आल्फा,” त्या म्हणाल्या. माणूस जागा असून डोळे मिटून स्वस्थ असला की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला ८ ते १३ अशा या लाटा येतात, डोळे उघडले की विरतात. “बाबा, डोळे उघडा.” विरल्या. “मिटा.” आल्या. मी हे गरजेपेक्षा दोनदा जास्त केलं असेल. डाव्या बाजूला मात्र त्या तुटक होत्या आणि कपाळापासून कानापर्यंतच्या रेघांत मोठ्या, संथ लाटा लोळत होत्या, सेकंदाला दोन-तीन. त्या डेल्टा. गाढ झोपेत त्या सगळ्यांच्याच येतात. जाग्या माणसाच्या एकाच बाजूला आल्या तर ती बाजू दुखावलेली आहे.

एरवी तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात. बेननी फाईल पाहून ते गाळलं, कारण नुकत्याच झालेल्या स्ट्रोकमध्ये ते करवत नाहीत, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. तुमच्या फाईलीवर तारीख ठळक नसेल तर तोंडी सांगा. मग डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवला, आणि शेवटी बाबा झोपले, घोरलेही. पाऊण तास. घरी पेस्ट काढायला कोमट पाणी आणि आईचा संयम लागला.

रिपोर्ट १३ तारखेला मिळाला. डाव्या बाजूला पुढून कानशिलापर्यंत संथ लाटा, आणि झोपेत त्याच जागी अधूनमधून टोकदार लाटा. टोकदार म्हणजे फीट तिथून उठू शकते. मॅडम म्हणाल्या की रिपोर्ट निर्दोष आला असता तरी व्हिडिओ आणि स्ट्रोकचा इतिहास पाहून त्यांनी फीट रोखणारी गोळी दिलीच असती, कारण दोन फीटच्या मधला ईईजी कितीदा तरी साफ निघतो. लेव्हेटिरासेटम ५००, सकाळ-संध्याकाळ. महिन्याला ७०० रुपयांच्या आसपास, जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त पडली. पहिले तीन आठवडे बाबा सगळ्यांवर खेकसत होते. आम्हाला वाटलं स्वभाव गेला, तर तो गोळीचा ज्ञात परिणाम निघाला. हळूहळू निवळला. गोळी मनाने बंद करायची नाही.

आता ज्या प्रश्नासाठी मी खरी वाट पाहत होते तो. पुण्याहून दादा रोज फोन करायचा: “रिपोर्टवरून कळेल ना, बोलतील का?” आत्या तर मांडवीजवळ पत्रिकाही दाखवून आली होती. मी मॅडमना तेच विचारलं, जरा सभ्य शब्दांत. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, स्ट्रोकनंतर डेल्टा किती आणि आल्फा किती याचं गुणोत्तर काढतात, डाव्या-उजव्या बाजूंत किती फरक आहे हेही आकड्यात मांडतात. डेल्टा फार आणि आल्फा कमी असलेले रुग्ण सरासरीने कमी सुधारतात, असं अभ्यासांत दिसलंय. पण ते घोळक्याबद्दल आहे, आणि रोजच्या उपचारात हे आकडे अजून सर्रास वापरत नाहीत. “मंगळवारी सकाळी साडेदहाला काकांचा मेंदू काय करत होता, ते यात आहे. दिवाळीला काय करेल ते यात नाही.” मग त्यांनी व्यायाम, ब्लडप्रेशर आणि वाचेचे धडे यांवर पंधरा मिनिटं घालवली. मला तेव्हा ते टाळल्यासारखं वाटलं. दादाला फोनवर काय सांगावं सुचेना.

जाता जाता मी किल्लीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. अनेक भाषा बोलणाऱ्याच्या सगळ्या भाषा स्ट्रोकनंतर सारख्या परत येतीलच असं नाही, म्हणाल्या, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: ‘चाचणी मराठीत, घरचा माणूस सोबत.’ २० तारखेला नवीन चाचणी झाली. दहापैकी सात. मराठी बडोद्यात अजून दुर्मीळ नाही, फक्त मागावी लागते.

एक गोष्ट विसरू नका: छापील रिपोर्टवर समाधान मानू नका, पूर्ण नोंद पेनड्राइव्हवर मागून घ्या. छापलेल्या पानावर फार तर दहा-वीस सेकंद मावतात. मला अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स आणि दोन खेपा लागल्या.

मधल्या काळात वाचत होते. हान्स बर्गर यांनी १९२४ साली जर्मनीत येना इथे माणसाच्या मेंदूची ही वीज पहिल्यांदा नोंदवली, पण प्रसिद्ध केली १९२९ साली. बाबांना वाचून दाखवलं. निकाल लावायला पाच वर्षं! परीक्षा विभागात असते तर त्यांनी मेमो काढला असता. बाबा डाव्या बाजूने हसले, आणि मग थोडं उजव्याही.

१३ मेचा ईईजी त्याच खोलीत, त्याच बेन, पुन्हा १८०० रुपये. फेब्रुवारीनंतर फीट आलेली नाही. आल्फा आता डावीकडेही दिसतो, उजवीपेक्षा बुटका. संथ लाटा कमी झाल्यात, गेलेल्या नाहीत. टोकदार लाटा दोनदाच दिसल्या. गोळी चालू, पुढची तारीख १२ ऑगस्ट. बाबा लकडी पुलापर्यंत चालत जातात आणि परत येतात. मला कधी माझ्या नावाने हाक मारतात, कधी आत्याच्या.

घरी आल्यावर आईने तीनदा डोकं धुतलं, पेस्टचा शेवटचा पांढरा गोळा कानामागे सापडला. बाबा केस भुरभुरत पलंगावर बसले होते. मग डावा हात उचलून त्यांनी फळीवरच्या तेलाच्या बाटलीकडे बोट केलं आणि ठामपणे म्हणाले, “किल्ली.”

आईने बाटलीचं बूच काढलं.